सुकवणीच्या तीन खोल्या

१

एका शहराच्या मागच्या अंगाला एक आई राहत होती आणि तिच्याजवळ तिच्या दोन लेकी राहत होत्या. आईचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून ती घर सांभाळायची. थोरली रुंद हाडांची, मोजकं बोलणारी; एकदा मनात धरलं की धरलं. धाकटी तिच्याहून सात वर्षांनी लहान, तोंडाने चुरूचुरू आणि हाताने त्याहून चपळ. दोघी कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला होत्या. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अभ्रे, टॉवेल, पडदे, सगळं तिथे गाड्या भरभरून यायचं आणि कडक इस्त्री होऊन परत जायचं.

कारखान्याच्या तळघरात सुकवणीच्या तीन खोल्या होत्या, एका भिंतीला ओळीने. जिन्याजवळची पहिली, मग मधली, मग शेवटची. आत दोऱ्याच दोऱ्या आणि छतातल्या भोकांतून येणारी बॉयलरची गरम हवा. खिडकी नाही. दारं जाड पत्र्याची, आणि ती उघडायची फक्त बाहेरून. आडवा लोखंडी दांडा वर उचलायचा आणि दार ओढायचं. आतल्या बाजूला बोट अडकवायलाही काही नव्हतं. म्हणून बायकांनी आपली एक रीत पाडली होती. आत जाणारीने अंगावरचा एप्रन काढून दाराशेजारच्या खुंटीला अडकवायचा. खुंटीला एप्रन दिसला की त्या दाराचा दांडा कोणी पाडायचा नाही. ही रीत मुकादमाला माहीत नव्हती, मालकाला तर नाहीच. पण तिच्यावर भरवसा ठेवून बायका वर्षानुवर्षं आत-बाहेर करत होत्या.

ती मोडली थोरलीने. मंगळवार होता, आणि मंगळवारी बायकांचे स्वतःचे एप्रन धुवायला निघायचे. थोरली मळक्या कपड्यांचा टब घेऊन चालली होती. खुंटीवर निळीचे डाग पडलेला एप्रन दिसला. धुवायलाच टांगलाय असं समजून तिने तो चालता चालता काढला, टबात टाकला, आणि परत येताना तिन्ही दारांचे दांडे पाडले. दांडे पाडायचं काम तिचंच होतं.

दहा मिनिटांनी वर कोणीतरी विचारलं, "धाकटी कुठे गेली?"

थोरलीचे हात साबणाच्या पाण्यात होते. त्या पाण्यात तो एप्रन वर आला. त्याची तुटलेली नाडी धाकटीने लाल दोऱ्याने शिवली होती, ती थोरलीने पाहिली. मग ती जिना कसा उतरली ते तिलाही सांगता आलं नसतं. तिन्ही दांडे उचलले, तिन्ही दारं ओढली. तिन्हींत चादरी होत्या. चादरींमध्ये कोणी नव्हतं.

"कुठल्या खुंटीवरून काढलास?" मागून धावत आलेल्या एका बाईने विचारलं.

थोरलीला एप्रन आठवत होता, ओलसर नाडीचा बोटांना झालेला स्पर्श आठवत होता. खुंटी आठवत नव्हती.

२

लोक म्हणाले, पोरगी पळून गेली. मुकादम म्हणाला, मागच्या दाराने गेली असेल, आजकालच्या मुली. चौकीत नाव लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. आई तीन ताटं वाढायची, तिसरं झाकून ठेवायची, सकाळी ते ताट घासून परत फडताळात लावायची. थोरलीने आईला एप्रनचं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि तिच्याकडे पाठ करून भांडी विसळायला लागली. त्यानंतर दोघींत कामापुरतंच बोलणं उरलं.

चौथ्या दिवशी थोरली कामावर गेली. साडेबाराची घंटा झाली की बॉयलर तासभर बंद असायचा आणि बायका वर डबे उघडायच्या. थोरलीला घास गिळवेना, म्हणून ती तळघरात येऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. बॉयलर बंद झाला की तळघर ओल्या कापसासारखं मुकं व्हायचं.

त्या मुकेपणात तिला ऐकू आलं. फट्, फट्. जरा थांबून पुन्हा, फट्, फट्.

ओली चादर दोरीवर टाकण्याआधी झटकतात, त्याचा आवाज. सगळ्या बायका एकदाच झटकतात. दोनदा झटकायची ती धाकटी, आणि त्यावरून मुकादमाच्या शिव्याही खायची.

थोरलीने स्वतःला समजावलं की नळ्या थंड होताना वाजतात. मग ती उठली. आवाज तीन दारांपैकी कुठल्या दारामागून येतोय ते काही केल्या कळेना. पहिल्याला कान लावला तर पुढून यायचा, शेवटच्याला लावला तर मागून. तिने आपलं मधल्या दाराच्या दांड्यावर हात ठेवला. अजून उचललाही नव्हता.

तेवढ्यात पहिल्या दाराचा दांडा आपोआप वर झाला आणि दार हातभर उघडलं.

आत चादरी होत्या, रांगेत, पांढऱ्या. माणूस नव्हतं. पण पुढची चादर हलत होती. मग तिच्या मागची हलली, मग तिच्या मागची. कोणी त्यांच्यामधून आत चालत गेलं की हलतात तशा. आणि बाकीच्या दोन बंद दारांमागे, फट्, फट्, चादर झटकणं चालूच होतं.

थोरली हात काढून वर पळाली.

३

इस्त्रीच्या टेबलावर सगळ्यांत जुनी एक मावशी होती. चाळीस वर्षं उभी राहून तिचे पाय खांबांसारखे सुजलेले. थोरली समोरून गेली तशी मावशीने इस्त्री उभी केली.

"ऐकलंस ना?"

थोरली थांबली.

"माझी जाऊ होती इथे," मावशी म्हणाली. "तुझी आई लग्नाची होती तेव्हाची गोष्ट. तीही अशीच गेली. मीही अशीच खाली जाऊन बसायचे. मी एका दाराला हात लावायचे, दुसरं उघडायचं. रिकामं."

"मग?"

"मग एक दिवस धीर केला. ज्या दारावर हात होता तेच ओढलं. चादरी. धावत जाऊन उरलेलं ओढलं. तिथेही चादरी. त्या दिवसापासून आवाज बंद. तो आवाज चालू असताना एकदाच ओढता येतं, पोरी. पहिलं ओढशील तेच."

"तुम्ही हात ठेवलेलंच दार का ओढलंत? दुसरं का नाही?"

मावशीने इस्त्री उचलली, पुन्हा ठेवली. "दोनच उरली होती. दोन्हींत सारखंच. मग हातातलं सोडून कशाला जायचं? आणि..." ती थांबली. "ते तुझं तुलाच कळेल. घाई नको करू एवढंच सांगते."

पण घाई होणार होती. त्याच आठवड्यात मुकादमाने सांगितलं की वर सुकवणीची यंत्रं येतायत आणि महिनाअखेरीस तळघर विटांनी बुजवायचं.

४

थोरलीने रडण्यात दिवस घालवले नाहीत. ती रोज साडेबाराला खाली जायची आणि एका दांड्यावर हात ठेवायची. आज पहिला, उद्या शेवटचा, परवा मधला. दार ओढायची नाही. नुसतं बघायची.

एकोणीस दिवस तिने बघितलं. तिचा हात असलेलं दार एकदाही आपोआप उघडलं नाही. नेहमी बाकीच्या दोनांपैकी एक उघडायचं, कधी हे, कधी ते, आणि आत चादरींखेरीज काही नसायचं. तिन्ही दारं केव्हा ना केव्हा रिकामी उघडून झाली होती. म्हणजे धाकटी एका जागी नव्हती, रोज कुठे ना कुठे हलवली जात होती. आणि दर वेळी, दार उघडल्यावरही, उरलेल्या दोनांमागे चादर झटकली जायची.

दोन उरली. त्यातलं कुठलं?

डब्याच्या वेळी तिने बायकांना कोडं घातलं. तीन पेले, एकाखाली बटण. तुम्ही एकावर हात ठेवलात. मी दुसरा रिकामा पेला उचलून दाखवला. आता हात बदलाल की तिथेच ठेवाल?

"ठेवीन," दोघी-तिघी एकदम म्हणाल्या. "दोन पेले, अर्धं-अर्धं. बदलून काय मिळायचंय?"

"मी बदलीन," टाचणी लावणारी म्हणाली. ही कपड्यांवर गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लावायची. "का ते नाही सांगता येत, पण बदलीन."

"तुझं काय, तू जेवतानाही ताट बदलतेस," घड्या घालणारी म्हणाली.

"नवऱ्याच्या वेळी असं कोणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून बदलला असता," आणखी एक बोलली, आणि टेबल हसलं. मग हसणं मागे पडून खरंच वाद लागला. धरणाऱ्या एका बाजूला आणि बदलणाऱ्या दुसऱ्या बाजूला झाल्या. एकमेकींची अक्कल निघाली. टाचणी लावणारीने आणि घड्या घालणारीने त्या दिवसापासून एकमेकींशेजारी बसणं सोडलं. मावशी मात्र त्या टेबलावर एक शब्द बोलली नाही.

५

सुट्टीच्या दिवशी थोरलीने स्वयंपाकघरात आईसमोर तीन पेले उपडे घातले आणि बटण पुढे केलं.

"मला खेळायची हौस नाही," आई म्हणाली.

"हौस मलाही नाही. तू लपव. मी हात ठेवते. मग तू एक रिकामा उचलायचा."

थोरलीचा आवाज ऐकून आईने बटण घेतलं. दोघी खेळायला लागल्या. प्रत्येक डावाला थोरली भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची: पहिल्या हाताखाली बटण निघालं तर डावीकडे, उरलेल्या पेल्याखाली निघालं तर उजवीकडे. दुपार झाली तेव्हा साठ डाव झाले होते. डावीकडे एकवीस रेघा. उजवीकडे एकोणचाळीस.

"तुझं नशीब," आई म्हणाली. "दोन पेले म्हणजे अर्धं-अर्धं."

"आई, मी पहिल्यांदा हात ठेवते तेव्हा मला काही माहीत असतं का? तीनांतला एक. म्हणजे तीनदा ठेवला तर दोनदा चुकणार. आणि मी चुकले की तुझ्यापुढे बटणाचा एक पेला असतो आणि रिकामा एकच. तो रिकामा तू उचलतेस, कारण बटणाचा तू उचलत नाहीस. मग उरतं काय? बटणच उरतं."

आई बराच वेळ पेल्यांकडे बघत राहिली. एके काळी, धुण्याचं काम करत होती तेव्हा, ती एका नजरेत सांगायची की कुठल्या गाठोड्यात अभ्रा कमी आहे. ती नजर इतक्या दिवसांनी परत आली होती.

"आणि मी न बघता उचलला तर?"

त्यांनी तेही करून पाहिलं. थोरलीने डोळे मिटून पेले फिरवले, आईने अंदाजाने उचलला. आता मात्र मधूनच आईच्या पेल्याखालीच बटण निघायला लागलं आणि डाव फुकट जायला लागला. जे डाव उरले त्यांत खरोखरच अर्ध्याला अर्धं पडलं.

आईने हातातला पेला खाली ठेवला.

"एकोणीस दिवसांत," तिने हळू विचारलं, "उघडलेल्या दारात एकदा तरी ती दिसली?"

"नाही."

"अंदाजाने उघडलं असतं तर पाच-सहा वेळा तरी दिसली असती."

"हो."

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आई उठली आणि तिने ते लावून घेतलं.

"म्हणजे तिथे कोणीतरी आहे," ती म्हणाली. "आणि ते आधी बघतं."

"हो. म्हणूनच मी बदलणार आहे."

"चुकलीस तर?"

"तीनांतून एकदा चुकेन."

"ती एकदा म्हणजे आपली धाकटी," आई म्हणाली. मग तिने थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. एप्रनच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "जा. पण हात सोडताना मागे बघू नकोस. तू बघशील हे मला माहीत आहे, तरी सांगते."

६

विटा येऊन जिन्याच्या तोंडाशी रचल्या होत्या. साडेबाराची घंटा झाली. बॉयलर धापा टाकत थांबला आणि थोरली खाली उतरली.

फट्, फट्.

तिने मधल्या दाराच्या दांड्यावर हात ठेवला. लोखंड कोमट होतं. तिने तोंडातल्या तोंडात आकडे मोजायला सुरुवात केली. सातावर पहिल्या दाराचा दांडा उचलला गेला आणि दार हातभर सरकलं. रिकामं. चादरी एकामागून एक हलल्या आणि स्थिर झाल्या.

आता दोन. मधलं आणि शेवटचं. ठरलं होतं, पेल्यांनी सांगितलं होतं, भिंतीवरच्या रेघांनी सांगितलं होतं. तिने हात उचलला.

"ताई."

मधल्या दाराच्या पत्र्याला ओठ लावून बोलावं तसा आवाज. धाकटीचाच. गेले एकोणीस दिवस नुसतं झटकणं ऐकू आलं होतं, शब्द एकही नाही.

"ताई, मी इथेच आहे. हात का काढलास?"

मावशी का थांबली होती ते थोरलीला कळलं. दाराशी जीव अडकला असताना गणित घेऊन दुसरीकडे जाणं म्हणजे काय, हे टेबलावर वाद घालणाऱ्या एकीलाही माहीत नव्हतं. तिची बोटं पुन्हा दांड्याकडे गेली.

"ताई, इथे गरम होतंय. एकदा चुकलीस, आता परत नको ना चुकूस."

थोरली तशीच उभी राहिली. बोटं दांड्यापासून वीतभर. तिच्या मनात आलं, ही धाकटी असेल तर मी तिला आता दुसऱ्यांदा टाकून जातेय. मग तिच्या मनात दुसरं आलं. दार जे कोणी उघडतं त्याला माहीत असतं ती कुठे आहे. मी बरोबर दारापाशी असते तर त्याला मला थांबवायची गरज काय होती? मला इथे ठेवायला इतकी धडपड कशासाठी?

पण तोच विचार तिला उलटाही लावता येत होता, आणि तिने लावूनही पाहिला. धाकटी खरीच असती तर तिनेही हेच म्हटलं असतं.

शेवटी आवाजावर तिने काहीच ठरवलं नाही. तिने ते रेघांवर सोडलं. एकवीस आणि एकोणचाळीस. ती शेवटच्या दाराकडे चालायला लागली. आठ पावलं होती. पाठीमागे धाकटी रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, उचक्या देत. थोरलीचे डोळे वाहत होते, पण पाय एकदाही अडखळला नाही. तिने शेवटचा दांडा दोन्ही हातांनी उचलला आणि दार ओढलं.

ओढता ओढता तिने मागे पाहिलं.

मधल्या दाराचा दांडा वर होता. दार बोटभर उघडलं होतं, आणि त्याच्या कडेवर आतून चार बोटं आलेली होती. दिवसभर पाण्यात राहून सुरकुतलेली, पांढरी पडलेली, त्या कारखान्यातल्या कुठल्याही बाईची असतील तशी. रडणं थांबलं होतं. बोटांनी दार शांतपणे, दुपारी दुकान लावावं तसं, आत ओढून घेतलं. त्या दाराला आतून धरायला काहीच नव्हतं.

"दार धर की, बघतेस काय," शेवटच्या खोलीतून कोणीतरी म्हणालं. "टोपली जड आहे."

७

धाकटी चादरींमधून टोपली घेऊन बाहेर आली. केस घामाने कपाळाला चिकटलेले, तोंडात कपड्यांचे दोन चिमटे. तिच्या हिशोबाने ती दोन चादरी टाकण्यापुरतीच आत गेली होती. थोरलीने टोपली घेतली नाही, तिला घेतलं आणि जिन्यावरून जवळजवळ उचलून वर आणलं. वर बायका उठून उभ्या राहिल्या. मावशीने इस्त्री कापडावरच ठेवली आणि एका हॉटेलाचा टेबलक्लॉथ जाळला. मुकादम म्हणाला, "महिनाभर होतीस कुठे?"

संध्याकाळी विटा लागल्या. दोघी बहिणी त्या कारखान्यात परत गेल्या नाहीत.

पुढे केव्हातरी, मटार सोलताना, धाकटी आपणहून बोलली. "तेव्हा मला आतल्या भिंतीतून तुझी हाक येत होती. 'ये बाळ, इकडे ये' म्हणून. मी नाही गेले."

"का?"

"तू मला कधी बाळ म्हटलंयस? तू तर ओरडतेस."

थोरली हसली. पण रात्रभर ती त्या तीनांतून एकदा चुकण्याचा विचार करत राहिली. समोर बसून मटार खाणारी, सोललेले कमी आणि खाल्लेले जास्त, हीच धाकटी, यात तिला शंका नव्हती. तरी मधल्या दारामागे जे रडत होतं त्याला उचक्या धाकटीच्याच येत होत्या. सकाळी तिने मनाशी पक्कं केलं की हे पुन्हा उघडायचं नाही, आणि थोरलीचं पक्कं म्हणजे पक्कं.

त्या दोघींनी मोठ्या रस्त्यावरच्या एका इमारतीची गच्ची भाड्याने घेतली. दवाखान्यांच्या चादरी उन्हात वाळवून द्यायला लागल्या. उन्हाचा वास आवडून गिऱ्हाइकं वाढली. सहा दोऱ्यांच्या चौदा झाल्या, मग शेजारची गच्चीही घेतली. टाचणी लावणारी आली, घड्या घालणारी आली, आणि त्या दोघी पुन्हा शेजारी बसून भांडायला लागल्या. मावशीसाठी सावलीत एक खुर्ची ठेवली होती. आईचे गुडघे काही बरे झाले नाहीत, पण ती दिवसातून दोनदा तीन मजले चढून यायची आणि वर आली की सगळ्यांना कामं सांगायची.

धाकटीचं लग्न एका सायकल दुरुस्त करणाऱ्याशी झालं. दुसऱ्या वर्षी तिला मुलगी झाली. बारशाच्या वगैरे भानगडीत न पडता आईने ती कपड्यात गुंडाळून थेट गच्चीवर आणली आणि थोरलीच्या हातात दिली.

"धर," आई म्हणाली. "तुझ्यामुळे आहे ती."

थोरलीने ती धरली. पोरगी सणसणीत वजनाची होती, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचे लोक खिडकीत आले.